डास सोडण्याआधी आम्हाला विचारा : डास नियंत्रणाच्या योजना आखणाऱ्यांना खुलं पत्र

सार्वजनिक आरोग्य खात्यातल्या अधिकाऱ्यांना, कीटकशास्त्रज्ञांना आणि डास नियंत्रणाच्या योजनांवर ज्यांची सही लागते त्या सगळ्यांना,

नमस्कार.

आधी माझी बाजू सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको. डासांसाठी फक्त धूर आणि रसायनं यांच्या भरवशावर राहण्याचे दिवस गेले असं माझं ठाम मत आहे, आणि अळ्या खाणारे मासे, अळ्या मारणारे बॅक्टेरिया, वोल्बाकियावाले डास (म्हणजे शरीरात वोल्बाकिया नावाचा बॅक्टेरिया असलेले डास) हे सगळे जैविक मार्ग नीट तपासून वापरायलाच हवेत. तेव्हा मी तुमच्या विरोधात नाहीये. पण गेली काही वर्षं या विषयावर मिळेल ते वाचतेय, लोकांशी बोलतेय, आणि एक गोष्ट सारखी खटकतेय. योजनेत मासे असतात, बॅक्टेरिया असतात, डासांची पैदास करणारी लॅब असते, बजेट असतं, आणि मग अगदी शेवटच्या पानावर "जनजागृती करण्यात येईल" अशी एक ओळ असते. म्हणजे सगळं ठरल्यावर लोकांना सांगायचं. आणि लोकांनी प्रश्न विचारले किंवा सरळ विरोध केला, की म्हणायचं लोक अडाणी आहेत, अफवांना बळी पडतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की लोकांचा नकार बहुतेक वेळा विज्ञान न कळल्यामुळे येत नाही. आपल्याला न विचारता आपल्या घराभोवती कोणीतरी काहीतरी करतंय या जाणिवेतून तो येतो, आणि बऱ्याचदा ती जाणीव खरी असते.

आजार किती गंभीर आहे ते मला माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एकाच वर्षात मलेरियाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसं गेली, त्यातली बहुतेक आफ्रिकेतली ५ वर्षांखालची मुलं. डेंग्यूचा धोका जगातल्या जवळपास निम्म्या लोकसंख्येला आहे आणि त्या व्हायरसला मारणारं नेमकं औषध अजून आपल्या हातात नाही, पेशंटला सांभाळायचं, पाणी द्यायचं, लक्ष ठेवायचं, एवढंच. म्हणूनच मला या योजना फसायला नकोयत, म्हणूनच इतकं लिहितेय.

धुराबद्दल आधी बोलते कारण लोकांचं मन कुठे अडकलंय ते तिथेच कळतं. ताप पसरला की लोक फॉगिंगची मागणी करतात, मग गाडी येते, पांढरे लोट उठतात, सगळ्यांना वाटतं चला, काहीतरी झालं. प्रत्यक्षात तो धूर उडत असलेल्या आणि त्याच्या तावडीत सापडलेल्या डासांनाच मारतो. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती घरात पलंगाखाली, कपाटामागे, टांगलेल्या कपड्यांत दडून बसतो, रस्त्यावरचा धूर तिथपर्यंत धड पोचत नाही, पाण्यातल्या अळ्यांना तर त्याचा काहीच त्रास नाही, आणि भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी कोरडी पडली तरी काही महिने तग धरतात आणि पाणी लागलं की फुटतात. त्यात जगात ठिकठिकाणी पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकांना डास दाद देईनासे झालेत. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मग लोकांना धूर हाच उपाय वाटतो यात दोष कोणाचा? इतकी वर्षं साथ आली की तुम्हीच धूर दाखवलात, कारण धूर दिसतो, त्याचा फोटो काढता येतो. जैविक उपाय दिसत नाहीत. पाण्यात टाकलेले बॅक्टेरिया गपचूप काम करतात, डासाच्या पेशीत बसलेला वोल्बाकिया तर कोणालाच दिसणार नाही. ज्यांना तुम्ही डोळ्यांना दिसणाऱ्या उपायावर विश्वास ठेवायची सवय लावलीत, त्यांनाच आता न दिसणाऱ्यावर विश्वास ठेवायला सांगताय. त्याला वेळ लागणार, आणि तो वेळ योजनेत धरलेला नसतो.

त्याहून मोठा गोंधळ वेगळाच आहे. आम्हाला लहानपणापासून शिकवलं की डास म्हणजे शत्रू, दिसला की मारा, घरात एक अळी राहता कामा नये. आणि आता तुमच्यातलेच लोक येऊन सांगतात की आम्ही डास आणून सोडणार आहोत, यांना मारू नका, उलट यांची अंडी घरात ठेवा. ऐकणाऱ्याला हे उलटं वाटणारच हो! त्यातही सगळीकडे एकच प्रकार नसतो. सिंगापूरमध्ये २०१६ पासून वोल्बाकियावाले फक्त नर सोडतात, नर चावत नाहीत, फुलांचा रस पिऊन जगतात, आणि त्यांचा संबंध बाहेरच्या मादीशी आला की तिची अंडी फुटत नाहीत, म्हणजे डासांची संख्याच कमी होते. दुसऱ्या पद्धतीत नर आणि माद्या दोन्ही सोडतात, हेतू हा की वोल्बाकिया आईकडून पिल्लांत उतरत उतरत तिथल्या सगळ्या डासांत पसरावा, कारण तो शरीरात असला की डेंग्यूच्या व्हायरसला त्या डासात वाढायला जड जातं. या दुसऱ्या पद्धतीत डास कमी होत नाहीत, सोडायच्या काळात काही आठवडे वाढल्यासारखेही वाटू शकतात, आणि माद्या चावतात! हे आधीच तोंडावर सांगितलं नाही तर पहिल्याच आठवड्यात कोणीतरी म्हणणार की आम्हाला फसवलं. आणि ते बरोबर असेल.

जैविक या एका शब्दाखाली तुम्ही किती वेगवेगळ्या गोष्टी कोंबता तेही बघा. गप्पी मासे वेगळे, गॅम्बुशिया वेगळा, बीटीआय हा अळ्या मारणारा बॅक्टेरिया वेगळा, वोल्बाकिया वेगळा, आणि जनुकं बदललेला डास तर पूर्णच वेगळा. लोक या सगळ्याची सरमिसळ करतात म्हणून तुम्ही वैतागता, पण पोस्टरवर सगळ्याला "निसर्गाच्या मदतीने" असं गोड नाव तुम्हीच देता. निसर्गातलं आहे म्हणजे निरुपद्रवी, हे खरं नाही. गॅम्बुशिया मासा अमेरिकेतून विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत मलेरियाविरुद्ध जगभर नेऊन सोडला, आणि तो डासांच्या अळ्यांबरोबर तिथल्या बेडकांची आणि स्थानिक माशांची अंडी-पिल्लंही फस्त करायला लागला. आज तो जगातल्या सगळ्यात वाईट १०० घुसखोर प्रजातींच्या यादीत आहे. हा मासा सोडणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता.

बीटीआय मला सगळ्यात जास्त पटलेला मार्ग. १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या एका साचलेल्या डबक्यात हा बॅक्टेरिया सापडला. त्यातलं विष डासाच्या अळीने खाल्ल्यावर तिच्या अल्कधर्मी आतड्यातच काम करतं, माणसाच्या पोटात आम्ल असतं आणि आपल्या आतड्यात ते विष चिकटेल अशी जागाही नसते. इतका नेम धरून मारणारा उपाय क्वचित मिळतो. पण फ्रान्समधल्या कामार्ग या पाणथळ भागात केलेल्या, २०१० मध्ये छापून आलेल्या अभ्यासात असं दिसलं की जिथे बीटीआय फवारलं तिथे उडते किडे खाऊन जगणाऱ्या हाउस मार्टिन पक्ष्यांची अंडी आणि जगणारी पिल्लं कमी होती, कारण त्यांचं खाणंच कमी झालं. यामुळे बीटीआय वाईट ठरत नाही, साथीच्या काळात वस्तीतल्या टाक्यांत ते वापरायला माझी काहीच हरकत नसेल. पण "काहीही दुष्परिणाम नाही" असं छापलेलं पत्रक वाचून ज्याने हा अभ्यास वाचलाय तो माणूस तुमच्यापासून कायमचा तुटतो. "इथे हा फायदा, तिथे ही किंमत, आणि आम्ही हे का निवडलं" असं लिहा ना. लोकांना तेवढं समजतं.

आता गॉर्डनव्हेलबद्दल सांगते, कारण मला वाटतं हे एकच उदाहरण तुमच्या प्रत्येक ट्रेनिंगमध्ये असायला हवं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमधलं हे छोटं गाव. १९३५ मध्ये उसावरचे भुंगे खातील म्हणून हवाईहून केन टोड नावाचे विषारी बेडूक आणले, या गावाजवळच्या केंद्रात वाढवले आणि याच भागात सोडले. भुंगे काही त्यांनी आवरले नाहीत, बेडूक मात्र पसरत पसरत देशाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेले आणि त्यांना खाणारे तिथले प्राणी विषाने मेले. म्हणजे "शास्त्रज्ञांनी चांगल्यासाठी एक प्राणी आणून सोडला" याचा शेवट काय होतो ते जगात कोणाला माहीत असेल तर या गावाला. आणि वोल्बाकियावाले एडिस इजिप्ती डास उघड्यावर सोडायचा जगातला पहिला प्रयोग जानेवारी २०११ मध्ये जिथे झाला त्या दोन जागांपैकी एक हेच गॉर्डनव्हेल! दुसरी केर्न्सजवळची यॉर्कीज नॉब.

साहजिकच लोकांनी केन टोडची आठवण काढली. त्यावर तिथल्या टीमने जे केलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. डास सोडायच्या कितीतरी आधी लोकांना काय वाटतं हे समजून घ्यायला मानववंशशास्त्रज्ञ कामाला लावले, आणि लोकांनी विचारलेले प्रश्न घेऊन ते लॅबमध्ये परत गेले. हा डास चावला तर बॅक्टेरिया माझ्या रक्तात येईल का, कोळ्याने हा डास खाल्ला तर कोळ्यात जाईल का, असे साधे प्रश्न. त्यांनी ज्यांना हे डास बरेच दिवस चावत होते अशा स्वयंसेवकांचं रक्त तपासलं, डास खाणारे कोळी तपासले, आणि बॅक्टेरिया तिकडे जात नाही हे दाखवलं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेकडून, सीएसआयआरओकडून, रिस्कचं वेगळं मूल्यमापन करून घेतलं. म्हणजे लोकांच्या भीतीवर नुसतं लेक्चर दिलं नाही, प्रयोग केला. पुढे टाउन्सव्हिल शहरात तर शाळेतल्या मुलांनी अंड्यांच्या किटमधून हे डास स्वतः वाढवले आणि सोडले, आणि त्यानंतर तिथला स्थानिक डेंग्यू जवळपास दिसेनासा झाला. ज्या भागाला बेडकांचा इतका वाईट अनुभव होता त्या भागाने हो म्हटलं. त्यांना पटवता येतं तर कोणालाही पटवता येतं, फक्त त्यांच्या प्रश्नाला प्रश्न मानावं लागतं.

आणि याच्या अगदी उलट उदाहरण आपल्याच देशातलं आहे, ते आपण विसरलोय असं दिसतं. १९७० च्या आसपास दिल्लीत जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, यांनी मिळून डासांच्या जनुकीय नियंत्रणावर संशोधन करणारं एक युनिट सुरू केलं. काळाच्या पुढचं काम होतं, वंध्य केलेले नर क्युलेक्स डास दिल्लीभोवतीच्या गावांत सोडून बघितले जात होते, पैसा अमेरिकेकडून आलेला. पुढची पायरी होती सोनीपतमध्ये एडिस इजिप्तीचे नर सोडायची. आता बघा, एडिस इजिप्ती हा पीतज्वर (यलो फीवर) पसरवणारा डास, आणि भारतात पीतज्वर नाही. मग अमेरिकेचा पैसा आपल्याकडे या डासाचा अभ्यास कशाला करतोय असा प्रश्न पेपरांत आला, जैविक युद्धाची तयारी चालू आहे असा आरोप झाला, नर वंध्य करायला वापरलेल्या रसायनाबद्दल शंका आल्या, प्रकरण संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत गेलं आणि १९७५ मध्ये सोनीपतचा प्रयोगही थांबला आणि ते युनिटही बंद पडलं.

शास्त्रज्ञ मंडळी ही गोष्ट सांगताना आजही अफवेने विज्ञान मारलं अशा सुरात सांगतात. मला ते अर्धवट वाटतं. जैविक युद्धाचा आरोप सिद्ध झाला नाही हे खरं, पण पैसा कोणाचा, हाच डास का, माहिती कोणाकडे जाणार, हे प्रश्न विचारणारा माणूस वेडा नव्हता. शीतयुद्धाचा काळ होता, व्हिएतनाम डोळ्यांसमोर होतं. या प्रश्नांची उत्तरं पहिल्या दिवसापासून उघड्यावर ठेवली असती, पेपरात आरोप आल्यावर खुलासे करत बसावं लागलं नसतं, तर कदाचित आपण या क्षेत्रात आज कितीतरी पुढे असतो. २०२२ मध्ये पुद्दुचेरीच्या आयसीएमआर केंद्राने वोल्बाकियावाले एडिस डास तयार केल्याचं जाहीर केलं, चांगली बातमी आहे, मला आनंदच झाला. पण ते डास पिंजऱ्याबाहेर यायच्या आधी सोनीपतची फाइल कोणीतरी पुन्हा वाचावी अशी कळकळीची विनंती आहे.

लोकांना विचारायचं म्हणजे काय, यावरही थोडं बोलते, कारण विचारणं आणि कळवणं यात तुमची गल्लत होते. २०१० मध्ये ग्रँड केमन बेटावर एका ब्रिटिश कंपनीने जनुक बदललेले लाखो नर एडिस सोडले, तिथल्या डासांची संख्या सुमारे ८० टक्क्यांनी घटली, म्हणजे तंत्र चाललं. पण जगातल्या बऱ्याच लोकांना, या विषयावर काम करणाऱ्या कितीतरी शास्त्रज्ञांनाही, ही गोष्ट झाल्यावर कळली आणि त्याची किंमत पुढे सगळ्यांनी मोजली. त्याच कंपनीला अमेरिकेतल्या फ्लोरिडा कीज बेटांवर ट्रायल घ्यायची होती तेव्हा २०१६ मध्ये चक्क मतदान झालं. बंधनकारक नव्हतं ते, तरी झालं. ही बेटं ज्या जिल्ह्यात येतात त्या पूर्ण मन्रो काउंटीत बहुमत हो म्हणणाऱ्यांचं होतं, पण की हेवन या ज्या वसाहतीत डास सोडायचे होते तिथल्या बहुतेकांनी नाही म्हटलं. शेवटी २०२१ मध्ये ट्रायल झाली ती दुसऱ्या बेटांवर. काहींना यात पाच वर्षं वाया गेलेली दिसतात. मला दिसतं की ज्यांच्या अंगणात काम होणार होतं त्यांच्या "नाही" ला काहीतरी अर्थ राहिला. नाही म्हणायची सोय नसेल तर ते विचारणं कसलं?

याच कंपनीच्या जुन्या जातीबद्दल लोकांच्या कानावर एकच गेलं होतं, की सोडलेल्या नरांची पिल्लं मरतात. लॅबमध्ये ३ ते ४ टक्के पिल्लं जगतात हे आधीपासून माहीत होतं. मग २०१९ मध्ये ब्राझीलच्या जाकोबिना शहरातल्या स्थानिक डासांत सोडलेल्या जातीच्या जनुकांचे अंश सापडल्याचा पेपर आला, तेव्हा गहजब झाला. त्या पेपरातल्या काही निष्कर्षांवर शास्त्रज्ञांनीच सडकून टीका केली आणि ती योग्य होती, पण तोपर्यंत "बघा, लपवलं" ही भावना पसरली होती. "बहुतेक मरतील, थोडी जगतील, आणि ती जगली तर असं असं होईल" हे वाक्य आधीच मोठ्याने म्हटलं असतं तर?

इंडोनेशियाकडे बघितलं तर एकाच देशात दोन्ही टोकं दिसतात. योग्याकार्तामध्ये शहराचे २४ भाग पाडले, चिठ्ठ्या टाकून १२ भागांत वोल्बाकियावाले डास दिले, १२ भागांत नाही, आणि २०२१ मध्ये निकाल आला की डेंग्यू ७७ टक्क्यांनी कमी आणि डेंग्यूमुळे हॉस्पिटलमध्ये भरती होणं ८६ टक्क्यांनी कमी. एखाद्या जैविक उपायासाठी इतका भक्कम पुरावा मी दुसरा वाचलेला नाही. आणि हे झालं कसं, तर लोकांनी अंड्यांच्या बादल्या आपल्या घराच्या आवारात ठेवू दिल्या म्हणून, मोठ्या ट्रायलच्या आधी काही वर्षं छोट्या वस्त्यांत काम करून ओळख झाली होती म्हणून. हाच डास, हाच पुरावा घेऊन २०२३ मध्ये बालीत जायचं ठरलं तेव्हा मात्र विरोध इतका वाढला की नोव्हेंबरमध्ये काम पुढे ढकलावं लागलं. हे डास जनुक बदललेले आहेत असं सोशल मीडियावर फिरत होतं, जे खरं नाही, अंड्यात बारीक सुईने बॅक्टेरिया घातलेला असतो, डासाची जनुकं तीच राहतात. पण मला त्यातून हे दिसतं की पुरावा एका शहरातून दुसरीकडे पाठवता येतो, विश्वास पाठवता येत नाही. तो प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून मिळवावा लागतो.

आणि गावाने हो म्हटलं की झालं, असंही नाही. बुर्किना फासोच्या बाना गावात २०१९ मध्ये आफ्रिकेत पहिल्यांदा जनुक बदललेले वंध्य नर ॲनोफिलिस, म्हणजे मलेरिया पसरवणाऱ्या जातीचे डास, सोडले, त्याआधी अनेक वर्षं गावकऱ्यांशी बोलणं चाललं होतं, मनापासून केलेलं काम होतं ते. तरी २०२५ मध्ये तिथल्या सरकारने तो सगळा प्रकल्प थांबवला. गावातला विश्वास राजधानीत आपोआप पोचत नाही, आणि बाहेरून आलेल्या पैशाबद्दलचा संशय कधी डोकं वर काढेल सांगता येत नाही. म्हणून देशपातळीवरची चर्चाही तितक्याच मोकळेपणाने हवी.

अफवांबद्दल तुमची तक्रार मला मान्य आहे. २०१५-१६ मध्ये ब्राझीलमध्ये डासांतून पसरणाऱ्या झिकाच्या साथीत लहान डोक्याची बाळं जन्माला यायला लागली तेव्हा याला जनुक बदललेले डास जबाबदार आहेत असं पसरलं, मग पाण्यात टाकायचं पायरिप्रॉक्सिफेन हे अळीनाशक जबाबदार आहे असं पसरलं, आणि एका राज्याने तर ते वापरणं थांबवलं. रेसिफे शहरात ते औषध वापरलंच जात नव्हतं तरी तिथे अशी बाळं सापडत होती, ही एवढी साधी गोष्ट होती पण ती अफवेच्या मागून धावत राहिली. २०२३ मध्ये फ्लोरिडात मलेरियाचे थोडे स्थानिक पेशंट निघाले तर लगेच तेही सोडलेल्या डासांमुळे असं फिरायला लागलं, जेव्हा की सोडलेले डास एडिस होते आणि माणसांत मलेरिया पसरवतात ते ॲनोफिलिस. अशा वेळी लोकांवर हसू नका. ज्या आईच्या पोटात बाळ आहे ती घाबरणारच, आणि जे उत्तर सगळ्यात आधी आणि सगळ्यात सोप्या शब्दांत मिळेल ते ती धरून ठेवणार. ते उत्तर तुमचं असायला हवं होतं. साथ सुरू झाल्यावर प्रेस नोट काढून ते होत नाही, तिच्या ओळखीची, आधीपासून त्या वस्तीत येणारी आरोग्य सेविका असेल तर होतं.

लोकांनाही मी सांगत असते की नकार फुकट नसतो, नाही म्हटलं की जुनं चालूच राहतं, तोच धूर, तेच रसायन, तोच ताप. व्हिएतनाममध्ये गावागावांत लोकांनी पाण्याच्या टाक्यांत मेसोसायक्लॉप्स नावाचे बारीक कवचधारी जीव सोडले, ते नुकत्याच फुटलेल्या अळ्या खातात, शाळेतली मुलं आणि शेजारपाजारची माणसं मिळून टाक्या तपासायची, आणि कितीतरी गावांतून एडिस इजिप्ती नाहीसाच झाला. तिथे कोणी मोठी फॅक्टरी नव्हती. उपाय लोकांच्या हातात होता म्हणून त्याच्यावर संशयही नव्हता. तुमच्या योजनांमध्ये असे साधे, हाताळता येणारे उपाय मागे पडतात आणि लॅबमधून येणारे पुढे येतात, याचा एकदा विचार करा.

मला काय हवंय ते स्पष्ट सांगते. उपाय ठरवायच्या आधी त्या वस्तीत बसा, ठरवल्यावर नको. तिथल्या बायकांना बोलवा कारण पाणी भरणं, साठवणं, झाकणं बहुतेक घरांत त्याच करतात आणि मीटिंगला मात्र पुरुष येतात. पैसा कोणाचा, पेटंट कोणाचं, माहिती कोणाची होणार हे पहिल्याच पानावर लिहा. डासांचे आणि पेशंटचे आकडे काम सुरू व्हायच्या आधीपासून जाहीर करत राहा आणि उपाय फसत असेल तर तेही त्याच ठिकाणी, त्याच अक्षरांत छापा. आणि काम झाल्यावर निघून जाऊ नका. प्रोजेक्ट संपला की गाडी, ऑफिस, फोन नंबर सगळं गायब होतं आणि लोकांच्या मनात फक्त डास सोडून गेलेली माणसं उरतात, मग पुढच्या वेळी येणाऱ्याला दार उघडत नाही.

माझ्या घरात अंड्यांची बादली ठेवायला मी तयार आहे, शेजाऱ्यांना समजावून सांगायला पण तयार आहे, त्यासाठी मला एक रुपया नको. फक्त ती बादली ठेवायच्या आधी मला तीन गोष्टींचं लेखी उत्तर हवंय. हे काम करत नाहीये असं कशावरून ठरवणार आणि किती दिवसांनी? थांबवायचा निर्णय कोण घेणार आणि त्यात आमच्या वस्तीतलं कोण असणार? आणि काही बिघडलं, कोणाला काही झालं, तर मी नेमकं कोणाकडे जायचं, त्या माणसाचं नाव काय? ही उत्तरं मला एकटीला पाठवू नका, जिथे सगळ्यांना वाचता येतील तिथे लावा.

आपली,
एक नागरिक